एका खुर्चीपुरता राखाडी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, मी ठणठणीत आहे. फोनवर मला "बरं" आणि "ठीक आहे" यांच्या पुढे काही सुचत नाही हे तुला माहीत आहे. तुझी आई म्हणायची, ह्यांना फोन करायचा म्हणजे भिंतीला कान लावून बसायचं. म्हणून लिहायला घेतलं. आई गेल्यापासून तू दर फोनला एकच विचारतेस, बाबा, घर बंद करून आमच्याकडे कायमचे कधी येताय? आणि मी कधी गच्चीची गळती, कधी विजेचं मीटर, कधी शेजारच्या पोस्टमास्तरांची तब्येत पुढे करून तो प्रश्न टोलवतो. गच्ची गळत नाही. पोस्टमास्तर माझ्यापेक्षा भरभर चालतात. मी येत नव्हतो तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमुळे. हसू नकोस. सगळं नीट वाच, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आहे.

त्याआधी एक बातमी, आणि तिच्यावर रागवायचं नाही. मी मोतीबिंदू काढून घेतले. आधी उजवा, मग डावा. तुला सांगितलं असतं तर तू रजा टाकून धावत आली असतीस, म्हणून पोस्टमास्तरांना बरोबर नेलं. पट्टी सोडायच्या वेळी ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "आता घाबरू नका बरं का, मी पहिल्यापासून असाच आहे." डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो. ऑपरेशनचं आणि टाकीचं नातं आहे, पण ते समजायला तुला आमच्या रंगकामाच्या शेडमधून फिरवून आणावं लागेल. तेव्हा ते काम गुप्त होतं. आता ते रंगही कोणी वापरत नाही.

तुला लहानपणी एवढंच ठाऊक होतं की बाबा लढाऊ विमानं रंगवतात. तू वर्गात उभी राहून सांगितलं होतंस, माझे बाबा विमानं दिसू नयेत म्हणून रंगवतात, आणि तुझ्या बाई म्हणाल्या होत्या, मग एवढा खटाटोप कशाला, झाकूनच ठेवा म्हणावं. बाईंचंही चूक नव्हतं. आमची शेड धावपट्टीच्या टोकाला होती आणि चाचणीसाठी एक विमान कायम आमच्या ताब्यात असायचं. त्याला आम्ही नवरी म्हणायचो, कारण तिला सारखं नटवायचं आणि सारखं तोंड धुवायला लावायचं. चाचणीचा रंग पाण्याने निघणारा असे. वरून कागदावरची नक्षी यायची, ती आम्ही खडूने विमानाच्या अंगावर आखायचो, कडांना चिकटपट्ट्या लावायचो आणि फवारा मारायचो. कधी हिरवे आणि मातकट डाग, कधी फुटलेल्या काचेसारखे सरळ कडांचे तुकडे. एकदा तर विमानाच्या पोटावर वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेचा हुबेहूब आकार काळ्या रंगात काढला, म्हणजे विमान सुलटं आहे की उलटं हेच शत्रूला कळू नये आणि ते कुठे वळणार याचा त्याचा अंदाज चुकावा. ते बघून आमचा वैमानिक म्हणाला, "शत्रूचं नंतर बघू, आधी मला सांगा चढायचं कुठून." एकदा नवरी ढगातून जाऊन आली आणि अंगभर ओघळ घेऊन उतरली. फोरमननी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "घ्या, रडत आली माहेरी." या फोरमनना आम्ही पाठीमागे थिनर म्हणायचो, कारण ते शेडमध्ये शिरले की भल्याभल्यांचा रंग पातळ व्हायचा.

रंग जमला की फसला हे खुर्च्या ठरवायच्या. धावपट्टीच्या पलीकडे मोकळ्या मैदानात घडीच्या लाकडी खुर्च्यांची एक ओळ होती. दोन खुर्च्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे एकाने दुसऱ्याचं बघून दाबू नये. प्रत्येकाच्या हातात वायरीला जोडलेलं बटण. दुपार कलली की विमान लांबून यायचं आणि दिसल्या क्षणी बटण दाबायचं, बस्स. खोटं दाबणारे पकडायला कधी कधी विमान पाठवतच नसत. तरी कोणी ना कोणी दाबायचंच. आपल्याला काही दिसलं नाही हे कबूल करणं माणसाला जड जातं. पण तीन नंबरच्या खुर्चीने कधी खोटं दाबलं नाही आणि खरं दाबायला कधी वेळ लावला नाही. बाकीचे आकाश चाचपडत असायचे तोवर तिसरीचं बटण दाबून झालेलं असे. मग थिनरच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि ते दारात येऊन म्हणायचे, "तिसरीने पाहिलं. धुवा." आम्ही त्या खुर्चीला घार म्हणायचो. घार बाई आहे की बुवा हेही आम्हाला माहीत नव्हतं, कारण रंगवणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी एकमेकांना भेटायचं नाही असा नियम होता.

नियम ठीक होता, पण कॅन्टीन एकच होतं. चहाच्या रांगेत माझ्या पुढची मुलगी मागे वळली, माझ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाली, "आज राखाडी वाटतं." मी हात खिशात घातले. "मानेवर पण आहे," ती म्हणाली, "आणि मागच्या खेपेचा हिरवा कानामागे राहिलाय. साबण देत नाहीत का हो तुम्हाला?" सगळी रांग हसली. मी चहा न घेताच परत आलो आणि शेडमध्ये सांगितलं की घार सापडली. थिनरनी विचारलं, "बोललास तिच्याशी?" मी म्हटलं, नाही, तीच बोलली. "मग तुझं काही खरं नाही," ते म्हणाले. त्यानंतर मी रोज नखं घासून कॅन्टीनला जायला लागलो. ती रोज काहीतरी शोधून काढायचीच. नाही मिळालं तर म्हणायची, "आज नुसता साबणाचा वास येतोय, म्हणजे काहीतरी लपवताय."

माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, तिला दिसणार नाही असा रंग करायचा. परवानगी काढून मी सुट्टीच्या दिवशी तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसायला लागलो, बरोबर चाचणीच्या वेळेला. पत्र्याच्या छोट्या पट्ट्यांवर वेगवेगळे राखाडी लावून न्यायचो. एकेक पट्टी काठीच्या टोकाला बांधून आकाशासमोर धरायची, फरक बघायचा, परत जाऊन त्यात थेंबभर निळा घालायचा, चिमूटभर तपकिरी घालायचा. अशा पुष्कळ संध्याकाळी गेल्या. शेवटी एक पट्टी अशी जमली की काठीच्या टोकाला काहीतरी आहे हे फक्त हाताला कळत होतं. तो रंग नवरीला लावला. चाचणीच्या दिवशी मी थिनरच्या टेबलाशी उभा होतो. फोन नेहमी विमान डोक्यावर यायच्या आधी वाजायचा. त्या दिवशी आधी गडगडाट आला, शेडचे पत्रे हादरले आणि मग फोन वाजला. थिनरनी ऐकून फोन ठेवला आणि म्हणाले, "कोणीच नाही. तिसरीसुद्धा नाही." थोड्या वेळाने ती स्वतःच नियम धाब्यावर बसवून मैदानातून चालत आमच्या दारात आली. "कोणी केला हा रंग?" थिनरनी माझ्याकडे बोट केलं. "पुन्हा पाठवा ते विमान," ती मला म्हणाली, जणू काही विमान माझ्या काकांचं होतं. मी म्हटलं, "दिसणार नाही." "मला तेच बघायचंय." तळावरच्या साहेबांनी खरंच पुन्हा पाठवलं, आणि पुन्हा दिसलं नाही. तेव्हा ती हसली. हरल्यावर इतकं मोकळं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हिवाळा संपायच्या आत आमचं लग्न झालं. लग्नात थिनर ज्याला त्याला सांगत होते, "ह्याला आता घरात बिस्किटसुद्धा लपवता येणार नाही."

पुढचा भाग आईने तुला सांगितला असेल, मी सांगितला नव्हता. तो रंग पास झाला, पक्क्या स्वरूपात काही विमानांना लावला आणि ती विमानं समुद्राकाठच्या दुसऱ्या तळावर गेली. तिथून निरोप आला, तुमचे कावळे परत न्या. तिथल्या आकाशात ती कोळशाने काढल्यासारखी उठून दिसत होती. मग एक म्हातारे शास्त्रज्ञ चौकशीला आले. त्यांनी सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, मैदानभर फिरून बघितलं, आणि शेवटी तिसऱ्या खुर्चीत बसून चहा मागवला. मला म्हणाले, "तुम्ही विमान लपवलंत यात वाद नाही. पण ते फक्त ह्या खुर्चीपासून, आणि तेही चहाच्या वेळेला. शत्रूला विनंती करावी लागेल, की बाबा, संध्याकाळी ये आणि इथे बस." रंग रद्द झाला. शेडमध्ये त्याला खुर्ची-राखाडी हे नाव पडलं ते कायमचंच. नवा रंग काढायला मला पुढे कोणी सांगितलं नाही. उरलेली नोकरी मी दुसऱ्यांनी ठरवलेले रंग नीट लावण्यात काढली, आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही. त्या दिवशी मात्र घरी येऊन मी जेवत नव्हतो. तुझी आई म्हणाली, "एकाच खुर्चीपासून तर एकाच खुर्चीपासून. माझीच होती ना?"

पुढे चाचण्या बंद झाल्या आणि शेडमधलं सामान मोडीत निघालं, तेव्हा रीतसर मागून मी दोन वस्तू घरी आणल्या, तिसरी खुर्ची आणि खुर्ची-राखाडीचा उरलेला डबा. खुर्ची मागच्या अंगणात ठेवली. रंग गच्चीवरच्या टाकीला दिला. घर तळाला लागूनच, आकाश तेच, खुर्चीचं तोंडही त्याच दिशेला. चहाच्या वेळेला, आकाश मोकळं असलं तर, खुर्चीत बसून वर बघितलं की कठड्यावर टाकी नसायचीच. तू लहान होतीस, आपली टाकी कुठेतरी फिरायला जाते असं तुला वाटायचं. एकदा प्लंबर संध्याकाळी आला, अंगणात उभं राहून वर बघितलं आणि म्हणाला, "टाकी काढली का हो? मग मला कशाला बोलावलंत?" आई पोट धरून हसली होती. त्या दिवसापासून आमचं ठरूनच गेलं. मी चहा घेऊन मागच्या दारात आलो की विचारायचं, "काय, दिसतं का काही?" तिने वर बघायचं आणि म्हणायचं, "काही नाही." मग चहा. तू मोठी झालीस, लग्न होऊन गेलीस, मी निवृत्त झालो, तरी यात खंड नव्हता. भांडण झालेलं असलं तरी "काही नाही" मिळायचं, फक्त जरा जोरात.

तिचे मोतीबिंदू माझ्या कितीतरी वर्षं आधी काढले, ते तुला आठवत असेल. दवाखान्यातून घरी आल्यावर संध्याकाळी ती खुर्चीत बसली होती. मी चहा घेऊन आलो आणि विचारलं. त्या दिवशी तिने वर बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही. पण तुमच्या शर्टाची कॉलर किती मळली आहे हो, इतके दिवस मी अशीच धूत होते?" मी जाऊन शर्ट बदलला. त्यानंतरच्या वर्षी नवा प्लंबर आला, तोही संध्याकाळीच. तो काही न विचारता सरळ जिना चढून टाकीपाशी गेला. मला वाटलं, हुशार आहे. आणि एकदा तू माहेरी आली होतीस, अंगणात उभी राहून तू म्हणालीस, "बाबा, ही टाकी..." आणि आईने तुला मध्येच तोडून साखर आणायला आत पाठवलं. साखर टेबलावरच होती. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

आई गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल मी तुझ्याशी बोललो नाही. बोलायला बसलो असतो तरी जमलं असतं असं नाही. लोक यायचे, मी चहा करायचो, लोक जायचे. पण संध्याकाळी मी तिच्या खुर्चीत बसायला लागलो. वर बघायचं, टाकी दिसायची नाही, आणि मी मोठ्याने म्हणायचो, "काही नाही." पोस्टमास्तरांनी कुंपणापलीकडून ऐकलं असणार, पण ते समजूतदार आहेत. दिवसभरात तेवढी एक वेळ मला घर पूर्वीसारखं वाटायचं. तू ये म्हणालीस की मला तेच डोळ्यांसमोर यायचं. तुझ्याकडे आलो तर ही खुर्ची इथून हलणार, आणि हा रंग दुसरीकडे कुठेही चालत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणून गच्ची गळत होती.

पट्टी सुटल्यावर मी घरी आलो तेव्हा संध्याकाळच होती. आधी आकाशच बघत राहिलो. ते इतकं निळं होतं की मी पोस्टमास्तरांना विचारलं, आज काही वेगळं आहे का? ते म्हणाले, "आहे ना. आज तुम्ही बघताय." मग खुर्चीत बसलो आणि वर पाहिलं. टाकी होती. कठड्यावर ढळढळीत उभी होती, जुन्या दातासारखी पिवळी, एका बाजूने पापुद्रे सुटलेली. मला वाटलं, ऑपरेशन चुकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी समजावलं की डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं आणि गढूळ होत जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. जन्मभर रंग जुळवण्याचं काम केलेल्या मला ते ऐकून फार नवल वाटलं. टाकी उन्हाने पिवळी पडत गेली, माझे डोळेही तिच्याबरोबर पडत गेले, मला आकाशही तसंच पिवळट दिसायला लागलं, आणि आमचं जुळत राहिलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला ती कॉलर आठवली. जिला कॉलरचा मळ दिसला तिला टाकी दिसली नसेल? तिने त्या संध्याकाळी एवढा वेळ वर काय बघितलं? मग तो न विचारता वर गेलेला प्लंबर आठवला, आणि तुझी साखर. भिंगरी, जिने बटण एकदाही खोटं दाबलं नाही, त्या बाईने ऑपरेशननंतर दर संध्याकाळी समोर उभ्या असलेल्या टाकीकडे बघून मला "काही नाही" सांगितलं, आणि तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. मी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचा पगार घेतला, आणि घरात रोज चहाबरोबर माझ्याच डोळ्यांत फेकली जात होती. मी अंगणात येऊन खुर्चीत बसलो आणि एकटाच मोठमोठ्याने हसायला लागलो. पोस्टमास्तर कुंपणावरून डोकावले, "काय झालं?" मी म्हटलं, "टाकी दिसतेय." ते म्हणाले, "ती तर कधीची दिसतेय." म्हणजे आईने त्यांनाही सांगून ठेवलेलं होतं. तुलाही माहीत होतं ना? खरं सांग.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी येतो. टाकी दिसत नाही म्हणून मी इथे बसून होतो, आणि ती तर कितीतरी वर्षं दिसतच होती. जे होतं ते रंगात नव्हतं, तेव्हा ते बरोबर घेऊन येता येईल असं मला वाटतं. पण येण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकू, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहिलं. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "काही नाही हो बाबा, खोली रिकामीच आहे, कोणाला काही अडचण नाही." तेव्हाच मागून तुझ्या छोटीचा आवाज आला, "मग माझं टेबल कुठे जाणार?" तुझं हे "काही नाही" हुबेहूब आईचं आहे. पूर्वी मला ते ओळखता येत नव्हतं, आता नवे डोळे आहेत. तेव्हा छोटीचं टेबल जागचं हलवायचं नाही. मी एक बॅग आणि एक घडीची खुर्ची घेऊन येतो, खिडकीशी खुर्चीपुरती जागा मला पुरे. आणि माझी अडचण झाली, रेडिओ मोठा लागला, जावईबापूंच्या पेपरची घडी मोडली, मी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागलो, की माझ्यासाठी "काही नाही" म्हणायचं नाही. इतकी वर्षं खरं बटण दाबल्यावर तुझ्या आईला शेवटी तो हक्क होता, तुला अजून नाही. तू तिसऱ्या खुर्चीतल्या मुलीसारखं वाग. दिसलं की बटण दाब. मला वाईट वाटणार नाही, मी धुऊन पुन्हा रंग लावणाऱ्यांपैकी आहे.

तुझाच, आता कॉलर स्वतः बघून धुणारा,
बाबा